मासा किती वर्षांचा?

(धारचे आजोबा, निवृत्त भूगोलशिक्षक, देवासहून आलेली नात मुक्ता.)

मुक्ता : आजोबा, अलास्कातल्या माशांच्या अंगात जुना कार्बन असतो म्हणे. कसा?

आजोबा : मासा जुना नसतो, अन्न जुनं असतं. तिथली जमीन खाली बारमाही गोठलेली. हजारो वर्षांपूर्वीची मुळं-पानं न कुजता पडून आहेत. काठ ढासळला की ती ओढ्यात येतात. त्यावर जिवाणू वाढतात, मग अळ्या, मग मासे. 1983 मध्ये डोनाल्ड शेल यांनी कार्बन-14 मोजून हे दाखवलं.

मुक्ता : दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो तो. ठीक. पण माशात गेलेला कार्बन हवेत जायचा वाचला ना?

आजोबा : वाचला कसला! प्रत्येक पायरीवर बराचसा श्वासावाटे जातो.

मुक्ता : तरी थोडा तरी...

आजोबा : मासा पुरावा आहे गं, तिजोरी नव्हे! गोठलेल्या जमिनीत सुमारे 1,500 अब्ज टन कार्बन आहे, हवेतल्याच्या दुपटीच्या आसपास. ते मुद्दल. यंदाचं पान कुजलं तर पुढची पालवी ते भरून काढते. मुद्दल मोडलं तर लवकर भरत नाही.

मुक्ता : आपल्याकडे गोठलेली जमीन नाही, सुटलो.

आजोबा : सुटलीस? आपल्या बाघला लोक लेणी बघतात, छापील कापड घेतात. चुनखडीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातली ती. तिच्यात कार्बन-14 औषधालाही नाही. पाणी चुना विरघळवतं तेव्हा त्यातल्या बायकार्बोनेटचा साधारण निम्मा कार्बन खडकाचा असतो. तो शेवाळात जातो, शेवाळ गोगलगायीच्या पोटात. अशा पाण्यातली जिवंत गोगलगाय तपासणीत शेकडो वर्षांची दिसू शकते.

मुक्ता : म्हणजे इथंही मुद्दल मोडतंय?

आजोबा : नाही. चुना विरघळताना पाणी उलट हवा-मातीतला कार्बन सोबत धरतं. गोठलेलं पान कुजलं की त्यातला बहुतेक हवेत. वय मात्र दोन्हीकडे जुनंच दिसतं.

मुक्ता : मग मासा कशामुळे जुना, हे ओळखायचं कसं?

आजोबा : आता नीट विचारलंस! खडक, पाणी, शेवाळ, अळी, सगळ्यांचं मोजायचं, जोडीला कार्बन-13ही. एकटा मासा घेऊन बसायचं नाही.

मुक्ता : आणि माशात उरलेला तो थोडासा...

आजोबा : मासा मेला की कुजतो, मुक्ता!