जुनी पण ताकदीची गाडी : पोलो जीटी घ्यावी की अबार्थ पुंटो?

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या व्यापारी घरांत अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मुलगा दुकानात बसू लागला, चार पैसे गाठीला आले, आता त्याला गाडी हवी. पण नवी छोटी गाडी त्याला नको. तेवढ्याच पैशांत एखादी जुनी, टर्बो इंजिनची, दमदार गाडी मिळते हे त्याने हेरलेले असते. बहुतेक वेळा गोष्ट दोन नावांवर येऊन थांबते : फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आणि फियाटची अबार्थ पुंटो. वडील मंडळींना ही नावे परकी वाटतात. त्यामुळे ती एकतर सरसकट नाही म्हणतात, नाहीतर डोळे मिटून पैसे काढून देतात. दोन्ही गोष्टी व्यापाऱ्याला शोभत नाहीत. माल समजून घ्यावा, ऐब पाहावा, मग भाव करावा हा आपला रिवाज इथेही चालतो.

नावे परदेशी असली तरी दोन्ही गाड्या पुणे जिल्ह्यातच तयार झालेल्या आहेत. पोलो चाकणच्या कारखान्यातली, जो २००९ मध्ये सुरू झाला, पुंटो रांजणगावची. फियाट हे नाव तर आपल्या आधीच्या पिढीला घरचेच. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जी पद्मिनी बनत असे, ती मुळात फियाट ११००. तीच मुंबईची काळीपिवळी टॅक्सी होऊन २०२३ पर्यंत रस्त्यावर दिसली. अबार्थ हे मात्र वेगळे प्रकरण. कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत शर्यतीच्या गाड्यांचे काम सुरू केले, विंचू हे त्यांचे चिन्ह, आणि १९७१ मध्ये फियाटने ते नाव विकत घेतले. पुंटोच्या नाकावर तो विंचू दिसतो, आणि पोरे त्यावरच भाळतात.

आता अंगची ताकद पाहू. अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली, दिल्लीत शोरूमचा भाव ९ लाख ९५ हजार. इंजिन १३६८ सीसी टर्बो पेट्रोल, १४५ अश्वशक्ती, ओढ २१२ न्यूटन-मीटर. पाच गिअर, हाताने टाकायचे. चारही चाकांना डिस्क ब्रेक. शून्यापासून शंभराच्या वेगाला ८.८ सेकंद, हा कंपनीचा दावा. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली तेव्हा तिला ११९७ सीसीचे टर्बो इंजिन होते, १०५ अश्वशक्तीचे, ओढ १७५ न्यूटन-मीटर, आणि सात गिअरचा डीएसजी नावाचा आपोआप चालणारा गिअरबॉक्स. शंभराला ९.७ सेकंद. मागच्या चाकांना साधे ड्रम ब्रेक. २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि पोलोचे इंजिन बदलले : ९९९ सीसी, ११० अश्वशक्ती, ओढ तीच १७५. डीएसजी जाऊन साधा सहा गिअरचा ऑटोमॅटिक आला. हेच इंजिन हाताच्या गिअरमध्येही मिळे, पण त्या गाडीवर जीटी हा बिल्ला नसे. दलाल बिल्ल्याचे पैसे वेगळे मागतो, म्हणून हे लक्षात असू द्यावे.

कागदावर पुंटो सरळ पुढे आहे. रस्त्यावरही पुढेच आहे, फक्त कोणत्या रस्त्यावर ते विचारायला हवे. सातारकरांना यवतेश्वरचा घाट ठाऊक आहे. चार माणसे बसवून, एसी लावून, वळणावर गाडी हळू झाली की पुन्हा उचलायला इंजिनाची ओढ खालच्या फेऱ्यांत लागते. पुंटोची पूर्ण ओढ २००० फेऱ्यांपासून, जुन्या पोलोची १५०० पासून. शिवाय पोलो वजनाला हलकी. म्हणून घाटात रमतगमत चालवणाऱ्याला पोलो सोपी वाटते आणि जो गिअर पाडून इंजिन गरम ठेवतो त्याला पुंटोच आवडते. पुंटोचे स्टिअरिंग हायड्रॉलिक, जरा जड, पण रस्ता हाताला कळतो. तिचे पोट जमिनीपासून १५५ मिलिमीटर वर. आपल्याकडे गावच्या वेशीवर जे गतिरोधक घालतात त्यांना मोजमाप नसते, तेव्हा घरची माणसे बसवून ती घासणार नाही ना, हे तपासूनच पाहावे.

माझ्या भाच्यापुढे असाच पेच होता. साताऱ्यात त्याचे शर्टिंग-सुटिंगचे दुकान, आठवड्याला इचलकरंजीची फेरी, महिन्याला पुणे, कधी विट्याला यंत्रमागवाल्यांकडे. पुण्यात एक २०१६ ची अबार्थ, सांगलीत एक २०२१ ची हाताच्या गिअरची पोलो टीएसआय, भाव जवळजवळ सारखा. तो म्हणाला, "मामू, पुंटो पुन्हा बनणार नाही. अशी चीज परत मिळायची नाही." मी म्हटलं, "बेटा, बनणार नाही म्हणूनच विचारतोय. आरसा फुटला तर कुठून आणशील?"

खरा प्रश्न हाच आहे. फियाटने २०१९ मध्ये पुंटो आणि लिनिया बंद केल्या आणि बीएस-६ च्या वेळी भारतातला मोटारींचा धंदा आवरला. रांजणगावचा कारखाना चालू राहिला, तिथे जीप बनते, आणि फियाटवाल्यांना सेवेसाठी जीपच्या वर्कशॉपकडे पाहावे लागते. अबार्थचे १.४ टी-जेट इंजिन कमी ताकदीत लिनियालाही होते, त्यामुळे इंजिनाचे पुष्कळ भाग एकच. साध्या पुंटोचे दरवाजे, काचा, दिवेही पुष्कळसे जुळतात. अडचण अबार्थच्या खास वस्तूंची. तो माल शोधावा लागतो, मागवावा लागतो, आणि तोवर गाडी उभी. पोलोही २०२२ मध्ये भारतात बंद झाली, हे पोलोवाले सांगत नाहीत. पण तिची कंपनी इथेच आहे, चाकणला तिच्या दुसऱ्या गाड्या बनतात, आणि ९९९ सीसीचे तेच इंजिन फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या नव्या गाड्यांतही बसते. कापडाच्या भाषेत सांगायचे तर एका थानाचा रंग गिरणीत अजून मिळतो, दुसऱ्याची गिरणीच उठली. दोन्ही कापडे उत्तम असतील, पण अर्धा मीटर कमी पडला तर काय, हे विचारूनच ग्राहकाला द्यावे लागते.

पोलो घेणाऱ्याने मात्र २०१३ ते २०१९ मधली डीएसजीची गाडी नीट पारखावी. त्या गिअरबॉक्सला तेलात न बुडणारे, कोरडे दोन क्लच असतात आणि त्यांना हुकूम देणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग असतो. हा नाजूक. याच कारणाने २०१३ मध्ये फोक्सवॅगनने चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. सगळ्याच पेट्या बिघडतात असे नाही, पण बिघडली तर खर्च लाखाच्या भाषेत चालतो. ओळखायचे कसे? गर्दीत पंधरा-वीस मिनिटे चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के, थरथर, चढावर सोडताना मागे ओघळणे, यातले काही दिसले तर गाडी सोडून द्या. सांगली-मिरज रस्ता संध्याकाळी या कामाला उत्तम. मोकळ्या महामार्गावर हा रोग कधी दिसत नाही, आणि विकणारा नेमका तिकडेच नेतो.

टर्बो गाडी कुठलीही असो, सकाळी थंड असताना सुरू करून पाहावी. आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी जावे. मागून निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. कूलंटचे भांडे उघडून पाहावे, इंजिन थंड असतानाच. टी-जेटला टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला याचे बिल मागावे, बिल नसेल तर बदलायचाच आहे असे धरून भाव पाडावा, कारण तुटला तर इंजिनच जाते. आणखी एक : अशा गाड्यांत हौशी मंडळी संगणकातली मांडणी बदलून ताकद वाढवतात, त्याला रिमॅप म्हणतात. क्लच, टर्बो, गिअरबॉक्स सगळ्यांवर ताण येतो, आणि गाडीतला बदल विम्याला कळवलेला नसेल तर भरपाईच्या वेळी वाद होतो. थेट विचारावे. खरे बोलणारा मालक मिळाला तर पाच-दहा हजारांसाठी त्याला सोडू नये.

टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार दाखवतो आणि टायरचा दुसरा जोडही घासून गेला आहे, तर मीटर खोटा. सर्व्हिसच्या बिलांवर किलोमीटर लिहिलेले असतात, ते ओळीने लावून पाहावेत.

सांगलीची गाडी घेताना एक गोष्ट जास्तीची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. गणपती पेठेपासून मारुती रोडपर्यंत दुकानांत पाणी होते, मग दारातल्या गाड्यांचे काय झाले असेल! त्या गाड्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. कापडाला खळ देऊन उभे करावे तशा धुऊन, पॉलिश करून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनीखालची जागा, सीटखालचे लोखंडी रूळ, गालिच्याखालचा फेस हाताने चाचपावा. हेडलाइटच्या आत धुके असेल तर कारण विचारावे. विमा कंपनीकडून मागच्या दाव्यांची माहिती काढावी. दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. असा इतिहास असेल तर भाव करण्यात अर्थच नाही. भाच्याची पोलो २०२१ ची होती, म्हणून आम्ही पहिला प्रश्न तारखेचा केला : जुलैच्या आधी घेतलेली की नंतर? नोंदणी ऑक्टोबरची निघाली. तरी गालिचा उचलायला लावलाच.

आता कागदांचा भाग. दलाल म्हणतो, "नाव नंतर करू." यात विकणाऱ्याचाही घात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून जावो. नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या हव्यात. साताऱ्याची एमएच-११, सांगलीची एमएच-१०, पुण्याची एमएच-१२. दुसऱ्या कार्यालयाची गाडी असेल तर नमुना २८ ची ना-हरकत लागते. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५. थकलेले ई-चलन आधी तपासावे. विम्याचे नाव बदलायला १४ दिवस असतात. मिरजेच्या पलीकडे कर्नाटकची गाडी स्वस्त दिसते. तिला ना-हरकत, नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर धरून हिशेब केला की बहुधा स्वस्ताई उरत नाही.

व्यापारी बंधूंसाठी दोन शब्द हिशेबाचे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, दंड तेवढ्याच रकमेचा आणि तो घेणाऱ्यावर. गाडी फर्मच्या नावावर घ्यायची तर पैसे बँकेतूनच द्यावेत, नाहीतर त्यावर १५ टक्के घसारा मिळणार नाही. अशा मोटारीवरील जीएसटीची वजावट आपल्याला मिळत नाही, हे गृहीत धरावे. जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत विक्रेत्याला जानेवारी २०२५ पासून १८ टक्के जीएसटी द्यावा लागतो, पण तो त्याच्या नफ्याच्या फरकावर, पूर्ण किमतीवर नाही. कुणी पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून दाखवत असेल तर त्याला बसवून विचारावे. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या नव्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नवी स्वस्त झाली, मग जुनीचा भाव जुनाच कसा, हाही मुद्दा बोलणीत काढता येतो.

पेट्रोलचे एक उरले. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यातले काही आपल्याच जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांचे. या दोन्ही गाड्या त्या मिश्रणाच्या आधीच्या. सरासरी थोडी कमी धरावी आणि इंधनाच्या रबरी नळ्या मेकॅनिकला दाखवाव्यात.

भाच्याच्या घरात गाडी एकच राहणार होती. तीच बाजारपेठेला, तीच आईला दवाखान्यात न्यायला. सुट्या भागासाठी ती पंधरा दिवस उभी राहिली तर इचलकरंजीची फेरी भाड्याच्या गाडीने. हे कागदावर मांडले तेव्हा त्याने स्वतःच पुंटोवर काट मारली. घरात दुसरी गाडी असती, ओळखीचा फियाटचा कारागीर असता आणि किमतीच्या पाव हिस्सा रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवण्याची तयारी असती, तर मी त्याला पुंटोच घे म्हणालो असतो. चालवण्याच्या मजेत पोलो तिच्या जवळ जात नाही. २०१३ ते २०१९ मधली डीएसजी पोलो मात्र मी दोन्ही प्रकारच्या ग्राहकाला शेवटी सुचवीन.

बयाना बँकेतून पाठवला. पावतीवर चेसिस नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर आणि "नाव बदलून न मिळाल्यास बयाना परत" ही ओळ लिहून घेतली. ताबा घेताना तारखेबरोबर वेळही टाकली, सायंकाळी ५ वाजून १० मिनिटे, कारण त्याच दिवशी दुपारी कुणी चलन ओढवून घेतले असेल तर ते कोणाच्या खात्यावर, याचा वाद नको.