काटा का थांबला?

शेजारच्या घरातली मुलगी नववीत आहे. एका रविवारी सकाळी ती वही घेऊन आमच्याकडे आली आणि खुर्चीवर टेकण्याआधीच म्हणाली, ‘‘काका, बाबा उद्यापासून फिरायला जाणार नाहीत म्हणतात. महिनाभर काटा हललाच नाही!’’

वही तिनेच ठेवलेली होती. तिच्या बाबांचे वजन सहा महिन्यांपूर्वी ११८ किलो होते. रक्तदाब होता, जिना चढताना गुडघे दुखत. डॉक्टरांनी तीसेक किलो वजन उतरवायला सांगितले आणि सगळ्या घराने ते मनावर घेतले. आईने भाताचे पातेले बदलले, बाबा पहाटे फिरायला जाऊ लागले आणि दर रविवारी वजन लिहून ठेवण्याचे काम मुलीने पत्करले. पहिल्याच आठवड्यात अडीच किलो उतरले. मग दर आठवड्याला साधारण अर्धा किलो. पाच महिन्यांत काटा १०४ वर आला आणि तिथेच बसला. शेवटच्या चार रविवारच्या नोंदी अशा होत्या : १०४.२, १०३.८, १०४.६, १०४.१.

‘‘काटा बिघडला की बाबा?’’ तिने विचारले.

दोघेही ठीक होते. बिघडला होता तो आमचा अंदाज, आणि त्याची सुरुवात पहिल्याच आठवड्यात झाली होती.

पहिल्या आठवड्याची फसवणूक

आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाची साखरेची शिल्लक असते. मोठ्या माणसात ती सुमारे अर्धा किलो भरते. पण ती कोरडी नसते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. जेवण कमी झाले की शरीर प्रथम या शिल्लकीला हात घालते आणि तिच्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते. अर्धा किलो ग्लायकोजेन आणि दीड किलो पाणी, असे मिळून दोन किलोपर्यंत वजन काही दिवसांत उतरू शकते. म्हणजे पहिल्या आठवड्यातल्या अडीच किलोंत चरबी फार तर अर्धा किलो! आनंद मात्र अडीच किलोंचा झाला, आणि पुढच्या प्रत्येक आठवड्याची तुलना त्याच्याशी होऊ लागली.

आता खरी चरबी उतरते तेव्हा ती जाते कुठे? हा प्रश्न वर्गात विचारून पहा. कोणी म्हणेल घामातून, कोणी म्हणेल तिची उष्णता होते. तुम्हीच कशाला, २०१४ साली ऑस्ट्रेलियात रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना हेच विचारले, तेव्हा बहुतेकांनी ‘तिची ऊर्जा होते’ असे उत्तर दिले. ऊर्जा मिळते हे खरे, पण अणू कुठे जातात? रसायनशास्त्रात पदार्थ नाहीसा होत नाही हे तुम्ही शिकलाच आहात.

चरबीच्या एका नमुनेदार रेणूत कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. तो पूर्ण जाळायला ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ५५ व पाण्याचे ५२ रेणू तयार होतात. अणुभार घेऊन हिशेब करून पहा. दहा किलो चरबी जाळायला २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो, आणि बाहेर पडतो २८ किलो कार्बन डायऑक्साइड व ११ किलो पाणी. चरबीच्या मूळच्या दहा किलोंपैकी ८.४ किलो उच्छ्वासावाटे जातात आणि उरलेले १.६ किलो पाण्याच्या रूपाने. बाबांची चरबी खरोखरच हवेत विरून गेली होती. (मग नुसते जोरजोराने श्वास घेतले तर? काही उपयोग नाही. त्याने चक्कर येईल, चरबी जळणार नाही. ती जळते पेशींत, आणि पेशींना जितके काम पडेल तितकीच जळते.)

घटलेल्या शरीराचे अंदाजपत्रक

शरीरातली एक किलो चरबी उतरवायची तर सुमारे ७,७०० किलोकॅलरींची तूट पडावी लागते. बाबांच्या जेवणाचा अंदाज आम्ही काढला, तो दिवसाला २,२५० च्या आसपास आला. ११८ किलोंच्या त्या शरीराला रोज सुमारे २,८०० लागत होत्या. रोजची तूट ५५०, आठवड्याची ३,८५०, म्हणजे अर्धा किलो. वहीतल्या नोंदींशी हे जुळते.

पण १०४ किलोंच्या शरीराला २,८०० लागत नाहीत! चौदा किलोंचे ओझे कमी झाले; ते पोसायला नको, उचलून चालायलाही नको. गरज २,६०० वर आली. शिवाय शरीर आणखी एक काटकसर करते. याचा मोठा दाखला अमेरिकेत मिळाला. तिथे वजन उतरवण्याची एक दूरदर्शन स्पर्धा होत असे. तिच्या २००९ सालच्या १४ स्पर्धकांचा केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षे पाठपुरावा केला आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीस आठवड्यांत या स्पर्धकांचे वजन सरासरी ५८ किलोंनी उतरले होते. सहा वर्षांत त्यातले ४१ किलो परत आले. पण थक्क करणारी गोष्ट वेगळीच होती. स्वस्थ पडून असताना त्यांचे शरीर जेवढी ऊर्जा खर्च करायला हवी होती, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरी कमी खर्च करत होते, तेही सहा वर्षांनंतर!

वजन हळूहळू उतरवणाऱ्या माणसात ही काटकसर इतकी मोठी नसते. बाबांसाठी आम्ही ती शंभर धरली. म्हणजे गरज २,५०० आणि जेवण २,२५०. तूट उरली २५०, आठवड्याला पाव किलोच्या आतबाहेर.

‘‘बाबा फिरून आले की शेंगदाणे खातात,’’ मुलगी हळूच म्हणाली. ‘‘किती?’’ ‘‘मूठभर.’’ मोठ्या माणसाची मूठ म्हणजे चाळीसेक ग्रॅम, सुमारे २३० किलोकॅलरी. सुरुवातीला ५५० च्या तुटीत ही मूठ खपून जात होती. आता ज्या दिवशी शेंगदाणे, त्या दिवशी तूट जवळजवळ शून्य. शेंगदाणे काही वाईट नाहीत, पण ते हिशेबात धरायला हवेत.

भूक का वाढते?

यात बाबांचा आळस नव्हता. चरबी ज्या पेशींत साठते त्या मेदपेशी वजन उतरल्यावर नाहीशा होत नाहीत, नुसत्या आक्रसतात. हे कसे कळले ती हकिगत मोठी सुरस आहे. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात केलेल्या अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. चाचण्यांवर बंदी आल्यावर तो वर्षावर्षाने कमी होत गेला. हवेतला कार्बन वनस्पतींत जातो, अन्नातून आपल्यात येतो आणि पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएत कायमचा बसतो. म्हणजे प्रत्येक पेशीवर तिच्या जन्मसालाचा शिक्काच! स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का संस्थेतल्या किर्स्टी स्पॉल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शिक्का वाचून २००८ साली दाखवले की, मोठ्या माणसात दरवर्षी सुमारे दहा टक्के मेदपेशी मरतात आणि तितक्याच नव्या जन्मतात. जठराची शस्त्रक्रिया करून खूप वजन उतरवलेल्या माणसांतही दोन वर्षांनी पेशींची संख्या तितकीच होती.

या आक्रसलेल्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडत असतात. त्याचा शोध १९९४ साली लागला. पेशी भरलेल्या असल्या की लेप्टिन भरपूर, मेंदूला निरोप जातो ‘कोठार भरले आहे’. पेशी आक्रसल्या की लेप्टिन घटते आणि मेंदूला वाटते, दुष्काळ पडला! तो भूक वाढवतो आणि खर्च कमी करतो. ऑस्ट्रेलियात ५० जणांवर केलेल्या एका अभ्यासात, वजन उतरल्यावर एक वर्ष झाले तरी भुकेची संप्रेरके पूर्वपदावर आली नव्हती, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. आपल्या पूर्वजांना याच यंत्रणेने दुष्काळात तगवले असेल. म्हणून वजन उतरवणाऱ्या माणसाला ‘तुमचा निश्चय कमी पडतो’ असे सांगणारे लोक मला तरी पटत नाहीत.

(एक गोष्ट तुमच्यासाठी. हा सगळा हिशेब पूर्ण वाढ झालेल्या माणसांचा आहे. तुमच्या वयात उंची वाढते आणि तिच्याबरोबर वजन वाढायलाच हवे. मनानेच जेवण तोडू नका; वजनाची शंका असेल तर घरी सांगून डॉक्टरांना विचारा.)

पट्टा, अंगठी आणि गोळी

मी म्हटले, ‘‘बाबांचा पट्टा आण बरं.’’ पट्ट्याला तापवलेल्या खिळ्याने पाडलेली पाच नवी भोके होती. पाचवे अगदी ताजे. भोकांमधले अंतर अडीच सेंटीमीटर, म्हणजे कमरेचा घेर साडेबारा सेंटीमीटरने कमी झालेला. काटा थांबला तरी पट्टा थांबला नव्हता. गुडघ्याचे गणितही असेच बोलके आहे. संधिवाताच्या रुग्णांवर केलेल्या एका अमेरिकन अभ्यासात २००५ साली असे आढळले की, एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. चौदा किलोंना ५६ किलो! जिना चढताना बाबा हल्ली कठडा धरत नाहीत, हे मुलीला तेव्हा आठवले.

बदल इतकेच नव्हते. अंगठी सैल झाली, तिला आतून दोरा गुंडाळावा लागला. थंडी जास्त वाजू लागली, कारण चरबीचे पांघरूण पातळ झाले आणि शरीर उष्णताही कमी तयार करते. पोटाची कातडी सैल पडली. फार ताणलेली कातडी पूर्ण आवळत नाही. शिंप्याने पँट आवळताना जादा कापड कापू का विचारले, तर आई म्हणाली, ‘‘असू द्या आत.’’ तिचे चुकले असे मला वाटत नाही, पण बाबा थोडे हिरमुसले.

महत्त्वाचा बदल गोळीचा होता. मध्यंतरी सकाळी उठून उभे राहताना बाबांना घेरी येऊ लागली. ११८ किलोंच्या शरीरासाठी ठरवलेली रक्तदाबाची गोळी आता जास्त होत होती. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. मधुमेहाची काही औषधे आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना तर याहून सावध राहावे लागते, नाहीतर रक्तातली साखर एकदम उतरते. म्हणून वजन बरेच उतरले की औषधांची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी लागते. ती आपल्या मनाने बदलायची नसते. घाईही बरी नाही : फार वेगाने वजन उतरवले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

मुलीचा आलेख

आठवड्यातून एकच नोंद घेतली की ती फसवू शकते. लिटरभर पाणी पिऊन लगेच वजन करा. एक किलो वाढलेले दिसेल. लग्नातले खारट जेवण झाले की शरीर पाणी धरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी किलोभर जादा. चार आठवड्यांत खरोखर उतरलेला पाऊण-एक किलो अशा चढउतारात सहज लपतो.

म्हणून आम्ही पद्धत बदलली. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहापूर्वी वजन. सात दिवसांची बेरीज करून सातने भागायचे आणि ती सरासरी आलेखाच्या कागदावर एक ठिपका. त्याखाली दुसरी रेघ, पंधरा दिवसांनी मोजलेल्या कमरेच्या घेराची. तिसरी ओळ नुसत्या शब्दांची : ‘कठडा सोडला’, ‘गोळी कमी’, ‘देवळाची टेकडी न थांबता’. शेंगदाणे वाटीने मोजून घ्यायचे ठरले आणि फिरणे दहा मिनिटांनी वाढले.

काल तिने आलेख दाखवला. दहा आठवड्यांचे दहा ठिपके आहेत. मध्ये दिवाळीचा उंचवटा आहे, त्याभोवती तिने तांबड्या पेन्सिलीने गोल काढून ‘चकल्या’ असे लिहिले आहे. शेवटचा ठिपका १०१.९ वर आहे. पूर्वीपेक्षा उतार पुष्कळ मंद झाला आहे, पण आहे. बाबा फिरायला गेले होते, म्हणून पट्टा बघायला मिळाला नाही.