घरगुती वाइन कोणत्या भांड्यात मुरवावी?

जांभळे पावसाच्या तोंडावर पिकतात आणि नाताळ येतो डिसेंबरात. मधल्या पाच-सहा महिन्यांत वाइन सुधारते की बिघडते, हे पुष्कळसे भांड्यावर अवलंबून असते. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळची वाइन चिनीमातीच्या बरणीत घालण्याची चाल जुनी आहे. आपल्या किरनापुर भागात कोणाला चार-पाच लिटर घालायची असेल, तर परवान्याविषयी अबकारी कचेरीत आधी विचारून घ्यावे आणि मग भांडे शोधावे. (मिस्सासाठी मात्र द्राक्षांचाच रस लागतो, जांभळाचा चालत नाही.)

वाइन आंबट असते आणि आंबट पदार्थ धातूला खातो. मलाजखंडची तांब्याची खाण आपल्याच जिल्ह्यात असली, तरी तांब्या-पितळेच्या भांड्यात वाइन ठेवू नये. कल्हईचा भरवसा धरू नये. ती झिजते व तिच्यात शिसेही असू शकते. लोखंडाने जांभळाचा रस काळा पडतो. अॅल्युमिनियमला खड्डे पडतात.

शिसे सर्वांत वाईट, कारण त्याची चव गोडसर लागते व संशय येत नाही. १६९० च्या दशकात जर्मनीतील उल्म येथील मठांत संन्यासी भयंकर पोटशूळाने आजारी पडू लागले. जे वाइन घेत नव्हते ते मात्र धडधाकट होते. हे तेथील वैद्य एबरहार्ड गॉकेल यांनी हेरले. आंबट वाइन गोड करण्यासाठी तिच्यात मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचेच एक रूप, घातले जात होते. मंद आचेवर भाजलेल्या रंगीत भांड्यांच्या चकाकीतही शिसे असू शकते. म्हणून बरणी लोणच्याचीच, कडक भाजलेली घ्यावी. आतून रंगीत नक्षी असलेली किंवा तडे गेलेली नको. साधे मडके पाझरते, त्यातून हवा शिरते.

माझ्या मते काचेसारखे दुसरे काही नाही. पण तीही गळ्यापर्यंत भरलेली हवी. पाच लिटरच्या बरणीतून गाळ काढल्यावर चार लिटर वाइन उरली व ती त्याच बरणीत परत ओतली, तर वर लिटरभर हवा राहते आणि हळूहळू शिरका होतो. त्यापेक्षा ७५० मिलिलिटरच्या पाच बाटल्या भराव्यात, उरलेली पाव लिटर लहान बाटलीत घालावी. लाकडी पिंपाचा मोह नको. लहान पिंपात लाकडाचा वास लवकर चढतो व वाइन उडून जाते.

बुडबुडे येत असताना बूच घट्ट लावू नये. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत का भरू नये, हे प्रभूच्या श्रोत्यांना ठाऊक होते. आपली बाटलीही तशीच फुटते. बुचातून रबरी नळी काढून तिचे टोक पाण्याच्या वाटीत बुडवावे. बुडबुडे पूर्ण थांबले की मग बूच.

शेतीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी या कामी, किंबहुना खाण्यापिण्याच्या कोणत्याच कामी, वापरू नये. वास गेला म्हणून विष जात नाही. तेलाचे प्लास्टिकचे डबेही नकोत. भरलेल्या बाटल्या घरातील सर्वांत थंड खोलीत, जमिनीवर, गोणपाटाखाली ठेवाव्यात.