काटा, सुरी, चमचा : एक प्रात्यक्षिक

तीन वर्षं जर्नल लिहून लिहून आमची अशी अवस्था झालीय की घरी पत्र लिहायला बसलं तरी पहिला शब्द 'उद्दिष्ट' असाच सुचतो. म्हणून हा लेखही जर्नलसारखाच लिहितेय. फरक एवढाच की हा कुणाचा बघून उतरवलेला नाही!

उद्दिष्ट : काटा आणि सुरी हातात कशी धरायची हे शिकणे. तसेच, ती धरता येते की नाही यावरून माणसाची पारख करता येते का, हे तपासणे.

या प्रयोगाची गरज का पडली?

तुम्ही म्हणाल, आपल्या मेसमध्ये खणाचं स्टीलचं ताट आणि एक चमचा, तोही मिळाला तर! इथे काटा-सुरीचा काय संबंध? संबंध आहे. प्लेसमेंटचा सीझन आला की काही कंपन्या निवडीच्या आधी मुलामुलींना हॉटेलात जेवायला बोलावतात. इंटर्नशिपला गेलं तरी साहेबांबरोबर जेवायचा प्रसंग येतो.

आमच्या हॉस्टेलमधली एक सीनियर अशाच एका जेवणाला गेली होती. तालुक्याच्या गावची, मराठी शाळेत शिकलेली, आणि थर्मोडायनॅमिक्समध्ये आमच्यासारख्या दहाजणींना गिळून टाकेल अशी हुशार. टेबलावर प्लेटच्या दोन्ही बाजूंना मांडलेली हत्यारं बघून तिने सरळ सांगितलं, "आज माझा उपवास आहे." दोन तास लिंबूपाणी पीत बसली. रात्री अकराला रूमवर येऊन तिने चिवड्याचा डबा रिकामा केला.

त्यानंतर महिन्याभराने एका ट्रेनिंगच्या कार्यक्रमात पाहुणे वक्ते म्हणाले की, काटा कसा धरलाय ते बघून मी मुलाचं 'बॅकग्राउंड' ओळखतो. सगळे हसले. ती नाही हसली. मला ते वाक्य तेव्हापासून टोचतंय. कारण माझं 'बॅकग्राउंड' म्हणजे काय, तर दुसरीत असताना कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरनी आम्हाला ओळीने बसवून काटा धरायला शिकवलं. बस्स! यात माझं कर्तृत्व शून्य. मला कुणीतरी दाखवलं, तिला कुणी दाखवलं नाही. तेव्हा दाखवून टाकूया की!

सिद्धांत (थोडा इतिहास)

पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा की ज्यांची ही पद्धत समजली जाते, ते युरोपातले लोकही शेकडो वर्षं हातानेच जेवत होते. सोबत स्वतःची एक सुरी, आणि चमचा. काटा सगळ्यात शेवटी आला, आणि आला तेव्हा लोकांनी त्याला नावं ठेवली. अकराव्या शतकात व्हेनिसच्या राज्यप्रमुखाशी लग्न होऊन आलेली एक बायझंटाइन राजकन्या सोन्याच्या काट्याने जेवायची. देवाने बोटं दिलेली असताना हे कसले नखरे, अशा सुरात पीटर डेमियन या धर्मगुरूने तिच्यावर टीका केली. म्हणजे त्या काळी काट्याने जेवणारी व्यक्ती 'मॅनर्स नसलेली' होती!

पुढे 1608 मध्ये टॉमस कोर्याट नावाचा इंग्रज प्रवासी इटलीत गेला. तिथले लोक काट्याने मांस धरून सुरीने कापतात, कारण सगळ्यांची बोटं सारखी स्वच्छ नसतात, असं त्याने 1611 च्या आपल्या प्रवासवर्णनात लिहिलं. तो स्वतःही काटा वापरू लागला, तर मित्रांनी त्याची टर उडवली. हे कुठे? इंग्लंडमध्ये!

काटा रुळल्यावर सुरीच्या टोकाला काही काम उरलं नाही. आधी त्या टोकानेच घास टोचून खायचे. 1669 मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने जेवणाच्या टेबलावर टोकदार सुऱ्यांना बंदी घातली. जेवता जेवता भांडण झालं तर हातात शस्त्र नको, हा हिशोब. म्हणून आजही टेबलावरच्या सुरीचं टोक गोल असतं.

साहित्य

एक काटा, एक सुरी, एक चमचा, उकडलेले बटाटे (मेसच्या मावशींकडून मागून आणलेले), आणि एक फ्रीजवर लावायचं चुंबक.

चुंबक कशाला? मटेरियल सायन्सवाल्यांसाठी गंमत आहे. चांगल्या काट्याच्या किंवा चमच्याच्या मागे कधी कधी 18/8 किंवा 18/10 असं लिहिलेलं असतं. म्हणजे 18 टक्के क्रोमियम आणि 8 किंवा 10 टक्के निकेल. हे ऑस्टेनिटिक स्टील, याला चुंबक बहुधा चिकटत नाही. पण त्याच सेटमधल्या सुरीच्या पात्याला चिकटतं! कारण ऑस्टेनिटिक स्टील तापवून, झटकन थंड करून कडक करता येत नाही आणि पात्याला धार टिकायला कडकपणा लागतो. म्हणून पातं मार्टेन्सिटिक स्टीलचं करतात. सेकंड इयरला रट्टा मारलेलं हे सगळं आपल्या ताटाशेजारी पडलेलं असतं.

आणि हे स्टेनलेस स्टील फार जुनंही नाही. 1913 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी कशी करायची यावर काम करत होता. जास्त क्रोमियम घातलेलं पोलाद आम्लाला दाद देत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. शेफील्ड हे सुऱ्या-चमच्यांचंच गाव, त्यामुळे पुढे काय करायचं ते त्याला लगेच सुचलं. त्याआधी लिंबू किंवा व्हिनेगर लागलं की पोलादी पातं काळं पडायचं.

कृती

1. फर्स्ट इयरचं फिटिंग शॉप आठवा. जॉब व्हाइसमध्ये घट्ट धरायचा आणि हॅकसॉने कापायचा. इथे काटा म्हणजे व्हाइस आणि सुरी म्हणजे हॅकसॉ. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

2. काटा डाव्या हातात. मूठ तळहातात, दाते खाली, तर्जनी काट्याच्या पाठीवर सरळ. दात्यांना बोट लावायचं नाही.

3. सुरी उजव्या हातात. मूठ तळहातात, तर्जनी मूठ आणि पातं जिथे मिळतात तिथे वरच्या बाजूला. पेनसारखी धरू नका. पेनसारखी धरली की नुसत्या बोटांचा जोर लागतो. तर्जनी वर ठेवली की मनगटाचा जोर पात्यावर उतरतो.

4. काटा टोचा आणि दात्यांच्या अगदी जवळून कापा. का? सुरीचा जोर काट्यापासून जितका लांब, तितका मोमेंट जास्त, आणि बटाटा गरकन फिरून शेजारच्या प्लेटमध्ये! काट्याला एकापेक्षा जास्त दाते असतात तेही याचसाठी. पट्टी एका खिळ्यावर ठोकली तर फिरते, दोन खिळ्यांवर ठोकली तर फिरत नाही.

5. सुरी दाबायची नाही, हलकेच मागेपुढे ओढायची. प्लेट करकरली तर समजा, जोर जास्त झाला.

6. एका वेळी एकच घास कापायचा. सगळं आधी कापून ठेवतात ते लहान मुलांसाठी.

आता घास तोंडात कसा न्यायचा? याच्या दोन पद्धती आहेत. युरोपात काटा डाव्या हातातच ठेवून, दाते खालीच ठेवून घास घेतात. अमेरिकेत बरेच लोक कापून झालं की सुरी प्लेटच्या कडेवर ठेवतात, काटा उजव्या हातात घेतात आणि दाते वर करून खातात. याला 'झिगझॅग' म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत. "डाव्या हाताने जेवू नको" असं आजीने लहानपणापासून बजावलं असेल आणि डाव्या हाताने घास घेताना कसंतरीच होत असेल, तर खुशाल झिगझॅग करा.

टेबलावर पाच-सहा वस्तू दिसल्या तर घाबरायचं नाही. बाहेरून आत यायचं. सगळ्यात बाहेरची वस्तू पहिल्या पदार्थाची. शेजाऱ्याची ब्रेडची प्लेट किंवा पाण्याचा ग्लास चुकून उचलू नये यासाठी एक युक्ती. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून गोल करा, बाकी बोटं सरळ. डाव्या हाताचा इंग्रजी स्मॉल 'बी' होतो, उजव्याचा 'डी'. बी म्हणजे ब्रेड, तो डावीकडे. डी म्हणजे ड्रिंक, ते उजवीकडे. (हे टेबलाखाली करा!)

मध्येच थांबायचं असेल तर काटा-सुरी प्लेटमध्ये एकमेकांकडे तिरकी, उलट्या 'व्ही'सारखी ठेवा. जेवण झालं की दोन्ही शेजारी शेजारी, समांतर. वेटर न विचारता प्लेट उचलतो. नॅपकिन मांडीवर. काटा खाली पडला तर टेबलाखाली शिरू नका, दुसरा मागा.

निरीक्षणे

रविवारी आम्ही सातजणी बटाटे घेऊन बसलो. वीस मिनिटांत सगळ्यांना जमलं. सीनियरला तर दहाव्या मिनिटाला, आणि मोमेंटचा मुद्दा तिनेच आम्हाला आकृती काढून समजावला! मग ती म्हणाली, "एवढंच होतं?" हो, एवढंच होतं. वीस मिनिटांच्या कामासाठी ती दोन तास उपाशी बसली होती.

त्याच दिवशी दुपारी तिने घरून आलेली भाकरी काढली आणि एका हाताने, दुसरा हात न लावता, नेमका घासाएवढा तुकडा मोडला. मला ते आजही जमत नाही. माझी भाकरी ताटभर फिरते. (दुसरा खिळा नाही ना!) पण त्यावरून माझं 'बॅकग्राउंड' कुणी काढलं नाही.

नीट बघितलं तर आपल्या पंगतीतही हेच नियम आहेत. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. म्हणजे वाढणाऱ्याला आणि जेवणाऱ्याला शोधावं लागत नाही. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही. शेजारच्याचं व्हायचं असेल तर उठायचं नाही. उष्टा हात वाढायच्या भांड्याला लावायचा नाही. दक्षिणेत केळीच्या पानावर जेवण झालं की पान आपल्याकडे दुमडतात, तो काटा-सुरी समांतर ठेवण्यासारखाच निरोप. जपानमध्ये चॉपस्टिक भातात उभ्या खोचत नाहीत, कारण तसं मृतासाठी ठेवलेल्या भातात करतात. समोरच्याला वाईट वाटू नये, एवढाच त्याचा अर्थ.

दक्षता

1. चपाती, रोटी, पुरी, भाकरी हातानेच खावी. हॉटेल कितीही मोठं असलं तरी! सुरीने रोटी कापणाऱ्याला बघून रोटीलाच लाज वाटेल.

2. सुरी चाटू नये. बोलताना काटा-सुरी हवेत नाचवू नये.

3. वरण-भाताला चमचाच घ्यावा. काट्याने वरण खाण्याचा प्रयत्न केल्यास काय होते, हे फ्लुइड मेकॅनिक्सचा अभ्यास न करताही कळते.

4. वेटरला "ए" म्हणून हाक मारू नये. काटा अगदी पुस्तकात दाखवल्यासारखा धरून वेटरवर खेकसणारे लोक मी पाहिलेत. माझ्या मते टेबल मॅनर्सच्या परीक्षेत ते नापास.

5. शेजारच्याने काटा चुकीचा धरला तर बघत बसू नये. त्याने विचारलं तर सांगावं, नाही विचारलं तर मीठ पुढे करावं.

निष्कर्ष

काटा-सुरी धरणं हे एक कौशल्य आहे, फाइलिंग किंवा सोल्डरिंगसारखं. शिकायला वीस मिनिटं आणि चार बटाटे लागतात. ते येत असेल तर कुणीतरी शिकवलं एवढंच सिद्ध होतं, आणि येत नसेल तर अजून कुणी शिकवलं नाही, एवढंच. माणसाची पारख या उपकरणाने होत नाही. त्यासाठी तो शेजाऱ्याला आणि वाढणाऱ्याला कसं वागवतो ते बघावं लागतं.

आमच्या सर-मॅडमना एक विनंती. ट्रेनिंगच्या कार्यक्रमांत भाषणाऐवजी एक तास मेसमध्ये हे प्रात्यक्षिकच ठेवा. आणि ज्यांना प्लेसमेंटआधी शिकायचंय, त्या मुलींनी रविवारी नाश्त्यानंतर खुशाल आमच्या रूमवर यावं. काटे आमच्याकडे आहेत. बटाटे तेवढे घेऊन या!

– टी. ई. (मेकॅनिकल)