वाहनचालकाचा डबा : काय न्यावे, केव्हा खावे?

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके रस्त्यावरचे. शिरूरमधून पुणे-अहिल्यानगर रस्ता जातो, तर दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर रस्ता, आणि न्हावरे-चौफुला रस्ता या दोघांना जोडतो. रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत येणारे ट्रक आणि टँकर, कामगारांच्या बसगाड्या, दुधाच्या गाड्या, भाजीचे टेम्पो, शाळेच्या व्हॅन, दौंड स्टेशनवरच्या रिक्षा आणि गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर अशी वाहने चालवून पोट भरणारी माणसे येथे गावोगावी आहेत. पोटासाठी गाडी चालवायची आणि त्या गाडीपायी पोटाचीच आबाळ करायची, असे या व्यवसायात नेहमी घडते. सकाळी चहा-वडापाव, दुपारी तीन वाजता ढाब्यावर भरपेट जेवण आणि मध्ये सात-आठ कप चहा! काही वर्षांनी पित्त, वाढलेली ढेरी, रक्तदाब आणि मधुमेह हे सोबती होतात.

यावर स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे घरचा डबा. पण हा डबा भरताना एक गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे.

शेतातली शिदोरी आणि गाडीतली शिदोरी

आपल्याकडची शिदोरी म्हणजे तीन-चार भाकरी, चटणी किंवा ठेचा, कांदा आणि जमल्यास झुणका. ही शिदोरी नांगर धरणाऱ्या, मोट हाकणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या माणसासाठी होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे ३४७० उष्मांक लागतात, तर बैठे काम करणाऱ्याला सुमारे २११०. गाडी चालवून माणूस दमतो हे खरे, पण तो थकवा डोळ्यांचा, मनाचा आणि आखडलेल्या पाठीचा असतो. मालाची चढउतार करीत नसेल, तर चालकाचे काम बैठेच आहे.

म्हणून शिदोरी तीच ठेवावी, पण तिचे माप बदलावे. भाकरी निम्मी करावी आणि डाळी-कडधान्ये व भाजी दुप्पट करावी. ठेचा चवीपुरता घ्यावा, कारण त्यातील मीठ रक्तदाबाला आणि मिरची पित्ताला निमंत्रण देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे. ठेचा, लोणचे, पापड आणि फरसाण एकत्र आले की ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते.

दुपारची झापड

दुपारी दोन ते चार या वेळेत शरीर निसर्गतःच सुस्तावते. तशीच सुस्ती पहाटे दोन ते पाचच्या दरम्यानही येते. त्यात उपाशी राहून एकदम भरपेट, तेलकट जेवण घेतले की झापड अधिकच येते. सरळ रस्ता, ऊन आणि इंजिनाचा एकसुरी आवाज यांत डोळा लागायला क्षण पुरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ५० मीटर गाडी चालकाविना धावली.

म्हणून एकदाच पोटभर खाण्याऐवजी डबा तीन वेळा थोडा थोडा खावा. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्यात सलग पाच तासांहून अधिक काम न देता किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, अशी तरतूद होती. नोकरीत असो वा स्वतःची गाडी असो, हा अर्धा तास प्रत्येक चालकाने स्वतःचा हक्क समजावा. जेवून लगेच स्टिअरिंग धरू नये, पाच-दहा मिनिटे चालावे. झोप येत असल्यास गाडी सुरक्षित जागी लावून १५-२० मिनिटे डोळे मिटावेत. झोपेची उणीव कोणताही आहार किंवा चहा भरून काढत नाही.

डब्याचे तीन भाग

१) सकाळी दहाच्या सुमारास : मूठभर फुटाणे व शेंगदाणे आणि एक पेरू किंवा केळे. ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. मात्र त्यात तेलही भरपूर असते, म्हणून मूठभरच घ्यावेत. खारे किंवा तळलेले दाणे नकोत.

२) दुपारी एकच्या आत : दोन ज्वारी वा बाजरीच्या भाकरी, मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ किंवा मेथी घातलेला झुणका, एखादी सुकी पालेभाजी, काकडी किंवा गाजर. काकडी-गाजर अखंड न्यावे आणि खाताना धुऊन कापावे.

३) सायंकाळी पाचच्या सुमारास : भाजणीचे एक थालीपीठ, नाहीतर एक उकडलेले अंडे व फळ. यामुळे रात्री घरी आल्यावर वखवखून जेवण होत नाही.

पहाटे चारला निघणाऱ्यासाठी एवढे कोण करणार, असा प्रश्न घरच्यांना पडेल. यातले निम्मे काम सुट्टीच्या दिवशी होते. थालीपिठाची भाजणी, जवसाची किंवा कारळ्याची चटणी आणि फुटाणे-दाण्यांच्या पुड्या आठवड्याच्या एकदम करून ठेवाव्यात. मटकी सकाळी भिजवून संध्याकाळी फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड तयार असतात.

चतुर्थीच्या उपवासाला नुसती साबुदाणा खिचडी खाल्ली तर पिष्टच अधिक पोटात जाते. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, ताक, शेंगदाणे आणि फळे घ्यावीत.

उन्हाळ्यात काय टिकते?

मार्च ते जून या काळात बंद गाडीतील उष्णता बाहेरच्यापेक्षा पुष्कळ वाढते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात शिजवलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून साधा नियम लक्षात ठेवावा : ओले ते आधी, कोरडे ते नंतर. रस्साभाजी, भात, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दह्याचे पदार्थ उन्हाळ्यात डब्यात नकोतच. उसळ कोरडी असली तरी दुपारपर्यंत संपवावी. ती सकाळी ताजी करावी, निवल्यावर झाकण लावावे. अंडे सालीसकट न्यावे आणि उन्हाळ्यात सकाळच्या खाण्यातच संपवावे. भाकरी, थालीपीठ, कोरडी चटणी, फुटाणे आणि दशमी संध्याकाळपर्यंत चांगली राहतात. डबा इंजिनाच्या झाकणावर किंवा काचेजवळ ठेवू नये. आसनाखाली सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. वास किंवा चव बदलली असेल तर अन्न टाकून द्यावे.

चहा, पाणी आणि पैसा

एका कपात दोन चमचे साखर धरली तर आठ कप चहातून सुमारे ८० ग्रॅम साखर, म्हणजे ३२० उष्मांक पोटात जातात. जवळजवळ दोन भाकऱ्यांएवढे, पण त्यात ना प्रथिने ना जीवनसत्त्वे! चहा तीन कपांवर आणावा आणि साखर अर्धी करावी. बाटलीबंद थंड पेयाऐवजी पाणी किंवा लिंबूपाणी घ्यावे. लघवीला थांबावे लागेल म्हणून पाणी कमी पिणे आणि लघवी दाबून ठेवणे, या दोन सवयींनी मूतखडा आणि मूत्रमार्गाचा दाह होतो. भूक मारण्यासाठी तंबाखूचा बार भरणे तर सर्वांत घातक.

खर्चाचा हिशेब ज्याने त्याने करून पाहावा. चार दिवस बाहेरचा चहा, वडापाव, गुटखा-तंबाखू आणि जेवण यांचे पैसे वहीत लिहावेत आणि शेजारी घरच्या भाकरी-मटकीचा खर्च मांडावा. ज्वारी, बाजरी, मटकी आणि हरभरा ही आपल्याच शिवारातली पिके आहेत.

मधुमेह असलेल्या चालकांसाठी

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेऊन जेवण टाळले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. एकाएकी घाम येणे, हात थरथरणे, धूसर दिसणे, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावे, नंतर काहीतरी खावे. पूर्ण बरे वाटल्यावरही पाऊण तास गाडी चालवू नये. साखरेची पुडी हाताशी असावी आणि ती कोठे आहे हे क्लीनरला माहीत असावे. आपल्या गोळीने असे होऊ शकते का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि गोळी मनाने बंद करू नये.

गाडीचे तेल-पाणी आणि हवा तपासल्याशिवाय चांगला चालक लांबच्या फेरीला निघत नाही. त्याच यादीत डबा आणि पाण्याची बाटली घालावी. उद्याच्या फेरीपासून निदान एक बदल करावा : दुपारचे जेवण एकच्या आत, तेही गाडी थांबवून आणि घरच्या डब्यातले.