स्पॅनिशला मराठीचं बोट धरून जा

जळगाव-धुळ्यात घरबसल्या स्पॅनिश शिकणाऱ्यांना अनुभवाने एक सांगतो: ‘सुबखुंतीवो’चा, म्हणजे इच्छा, सल्ला, शंका अशा अर्थांच्या क्रियापदरूपाचा, धडा आला की इंग्रजी बाजूला ठेवा. वर्तमानातली नियमित रूपं अवघड नाहीतच. ‘मी’चं रूप घ्यायचं, शेवटचा ‘ओ’ काढायचा. ‘आर’वाल्या क्रियापदांना ‘ए’ लावायचा, ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना ‘आ’. आब्लोचं आब्ले, कोमोचं कोमा, वीवोचं वीवा. बुस्को-बुस्के, येगो-येगे यांचं स्पेलिंग बदलतं म्हणून विद्यार्थी उगाच बिचकतात. देवनागरीत लिहून पाहा, उच्चार सरळ नियमातलाच आहे. तक्ता पाठ होतो. घोडं अडतं ते हे रूप वापरायचं कधी, इथे.

इंग्रजीत इच्छेचा-सल्ल्याचा हा अर्थ बहुधा क्रियापदाच्या रूपात दिसतच नाही. त्यामुळे तिच्यावरून जाणारा ‘किएरो के कोर्तास’ म्हणून मोकळा होतो. ‘किएरो के’ म्हणजे ‘मला हवं की’, कोर्तास म्हणजे ‘कापतोस’. हवं असतं कोर्तेस, ‘कापावंस’. रावेर-यावलच्या केळीबागेत ‘घड आता कापावा’, ‘पाणी आज द्यावं’ हे कुणाला शिकवावं लागत नाही. केळीच्या निर्यातीत जगात पहिला असलेला इक्वेडोर स्पॅनिश बोलतो, आणि तिथेही असा सल्ला ‘रेकोमिएन्दो के कोर्तेस’ असाच दिला जाईल. हेतूचंही तेच: ‘पारा के कोम्प्रेन्दास’ म्हणजे ‘तुला समजावं म्हणून’. इच्छा, सल्ला, हेतू या तिन्ही ठिकाणी जिभेवर ‘-आवं’ आलं की स्वर बदलायचा.

यावर कुणी म्हणेल, आपला विध्यर्थ, म्हणजे हे ‘-आवं’चं रूप, तर कर्माप्रमाणे बदलतो: तू घड कापावास, तू फणी कापावीस. खरं आहे. स्पॅनिशमध्ये घड असो की फणी, कोर्तेसच. तिथे कर्त्याकडे पाहायचं. पण मराठीकडून मला प्रत्यय नकोत, जागा ओळखायची खूण हवी आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘तो बोलत असेल असं वाटत नाही’ आणि ‘तो पोचेल तेव्हा’ यांत ‘-आवं’ कुठेच नाही, स्पॅनिश मात्र ‘नो क्रेओ के आब्ले’ आणि ‘क्वान्दो येगे’ म्हणते. शंका आणि पुढे घडायची वेळ, इथे मराठी हात सोडते. ही वाक्यं वेगळ्या पानावर लिहून घोकावीच लागतात. बाकीच्यासाठी मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’तला विध्यर्थ आधी वाचा, मग स्पॅनिशचं पुस्तक उघडा.