वाफेचं विंच : दोरीला दोन टोकं असतात!

मेकॅनिकलच्या पोरांची आणि वाफेच्या इंजिनाची भेट बहुधा पुस्तकातच होते. पी-व्ही डायग्राम काढायचा, एफिशियन्सी काढायची, जर्नल सबमिट केलं की सुटलो! या लेखात तेच इंजिन हातात घेऊ. ४५ मि.मी. गेजवर धावणाऱ्या, खऱ्या वाफेच्या मॉडेल लोकोमोटिव्हवर एक छोटं विंच बसवायचं आहे आणि तेही तिच्याच बॉयलरच्या वाफेवर चालणारं.

आता कोणीही विचारेल, लोको स्वतः ओढते, मग विंच कशाला? चला, गणित मांडू. लोकोचं वस्तुमान ३ किलो, म्हणजे वजन सुमारे २९ न्यूटन. चाक आणि रुळामधला घर्षणांक ०.२ धरला, तर सगळी चाकं चालती असूनही ओढ ६ न्यूटनच्या वर जात नाही. सिलिंडर कितीही मोठा करा, चाकं जागच्या जागी फिरतील. दहाला एक अशा चढावर यातले ३ न्यूटन लोकोला स्वतःलाच वर न्यायला लागतात. उरले ३. डब्यांना किलोमागे १ न्यूटन चढासाठी आणि ०.२ रोलिंगसाठी हवा. म्हणजे अडीच किलोवर खेळ खलास! आपल्याला ओढायचेत ६ किलो, त्याला ७.२ न्यूटन पाहिजेत.

ही अडचण मोठ्या रेल्वेलाही होतीच. १८७० च्या दशकात ब्रिटनमध्ये हेन्री हँडिसाइड यांनी यावर उपाय काढला. त्यांची लोको एकटीच चढ चढून जायची, रुळांना घट्ट पकडायची आणि मग अंगावरच्या वाफेच्या विंचने डबे वर ओढून घ्यायची. आपलं मॉडेलही हेच करणार.

यातलं 'रुळांना घट्ट पकडायची' हे सगळ्यात महत्त्वाचं. दोरीला दोन टोकं असतात! डब्याला ७.२ न्यूटनने वर ओढताना तीच दोरी लोकोला तेवढ्याच जोराने खाली ओढते. त्यात लोकोच्या वजनाचे ३ मिळवा, झाले १० न्यूटन. सगळी चाकं ब्रेकने जाम केली तरी घर्षण देणार ६. मग डबा वर येण्याऐवजी लोकोच खाली घसरत जाईल. म्हणून इंजिनाच्या आधी क्लॅम्प बनवा : रुळाचा माथा दोन्ही बाजूंनी धरणारे दोन जबडे आणि ते आवळणारा एक स्क्रू. फिजिक्स लॅबमधला स्प्रिंग बॅलन्स लावून २० न्यूटनला क्लॅम्प सरकत नाही याची खात्री करा. ट्रॅकही फळीवर स्क्रूने पक्का करा, नाहीतर ट्रॅकसकट वरात निघेल. ड्रम कपलिंगच्या उंचीवरच ठेवा. दोरी उंचावरून ओढली तर पुढची चाकं उचलली जातात.

आता इंजिन. विंचला भार लटकलेला असतानाच सुरू व्हावं लागतं. एकच सिलिंडर असेल तर तो डेड सेंटरला अडकतो. म्हणून दोन डबल-अ‍ॅक्टिंग सिलिंडर आणि क्रँक ९० अंशांवर. ऑसिलेटिंग प्रकार घ्या, कारण त्यात सिलिंडर स्वतःच डुलतो आणि पोर्ट उघडतो-मिटतो. वेगळा व्हॉल्व्ह गिअर लागत नाही. वाफ आणि एक्झॉस्टच्या वाटा अदलाबदल करणारा एक फिरता व्हॉल्व्ह बसवला की इंजिन उलटही फिरतं.

बोअर ८ मि.मी., स्ट्रोक १२ मि.मी. बॉयलरला २ बार, पण सिलिंडरमध्ये सरासरी १ बारच धरा. एका फेऱ्याचं काम सुमारे २४० न्यूटन-मि.मी., म्हणजे टॉर्क ३८. निम्मा घर्षणात गेला, उरला १९. पुढे ३० ला १ वर्म गिअर, एफिशियन्सी ४० टक्के. ड्रमची त्रिज्या १० मि.मी. असेल तर दोरीला जवळपास २३ न्यूटन मिळतात. हवेत त्याच्या तिप्पट!

४० टक्के ऐकून नाक मुरडू नका. सेल्फ-लॉकिंग वर्मची एफिशियन्सी ५० टक्क्यांच्या आतच असते. तो तोटा सोसला म्हणून तर वाफ बंद केल्यावर डबा मागे पळत नाही. (व्हायवात हा प्रश्न हमखास येतो!) तरी कंपनाने वर्म हळूहळू सुटू शकतो, म्हणून ड्रमला रॅचेटचा खटका लावाच.

वाफ पुरेल का? ३०० आरपीएमला दोरी मिनिटाला ६३ सें.मी. येते. कागदावर वाफ लागते मिनिटाला सव्वा ग्रॅम, पण छोट्या थंड सिलिंडरमध्ये बरीच वाफ पाणी होऊन जाते, म्हणून ३ ग्रॅम धरा. तीन मीटर दोरीला १५ ग्रॅम पाणी. लोको उभी असल्याने सगळी वाफ विंचलाच मिळते, वेगळा बॉयलर नको.

आता बॉयलर, आणि इथे मस्करी बंद. २ बार म्हणजे घरच्या कुकरच्या साधारण दुप्पट प्रेशर. आपला बॉयलर कायदा २५ लिटरपेक्षा लहान बॉयलरला लागू होत नाही. म्हणजे इन्स्पेक्टर तपासायला येणार नाही, जबाबदारी पूर्ण आपली. तांब्याचाच बॉयलर, जोड सिल्व्हर ब्रेझिंगचे. साध्या सोल्डरचे नकोत, पाणी संपलं तर ते वितळतात. सपाट एंड प्लेटला स्टे द्या. सेफ्टी व्हॉल्व्ह २ बारला उघडलाच पाहिजे. आणि पहिली टेस्ट थंड पाण्याने, ४ बारला. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोड सुटला तरी फक्त गळतं. हवेने टेस्ट कधीच नको. दाबलेली हवा स्फोट करते. ही टेस्ट वर्कशॉपच्या सरांसमोरच करा, एकट्याने रूमवर नाही.

क्रम लक्षात ठेवा : क्लॅम्प, मग बॉयलरला न जोडता फक्त इंजिन कॉम्प्रेस्ड हवेवर, मग बॉयलरची पाण्याची टेस्ट आणि शेवटी वाफ. दोरी ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

पुढच्या गॅदरिंगच्या एक्झिबिशनमध्ये कोणाची लोको सहा किलो वर ओढते, बघूया. लागा कामाला!